स्क्रीन गेली, लॅपटॉप नाही

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरून सहा-सात दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरता, महिन्याला साधारण 28 हजार सुटतात. तीन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभ्या रेघा आल्यात, दुरुस्तीला 13,500 सांगितलेत. म्हणून 4,000 ची आरडी थांबवून 62 हजारांचा नवा लॅपटॉप बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावा का, असं विचारता.

घेऊ नका. हप्ता 5,167 चा, म्हणजे आरडी थांबवूनही दरमहा हजारावर खिशातून जाणार. शिवाय 'नो-कॉस्ट' असला तरी क्रेडिट कार्डावर घेतल्यास व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी बसते.

आधी एक फुकटची परीक्षा करा. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं, तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा, बाकी यंत्र ठणठणीत. रेघा तिथेही दिसल्या तर मात्र दुखणं आतलं आहे, मग मला पुन्हा लिहा.

चित्र स्वच्छ आलं, तर लॅपटॉप झाकण बंद करून वेगळ्या मॉनिटरला जोडून वापरा. साधा 24 इंची मॉनिटर नऊ हजारांच्या आसपास, कीबोर्ड-माऊस दीड हजारात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' निवडा, पण फक्त चार्जर लावलेला असतानासाठी. बॅटरीवर 'स्लीप'च राहू द्या, नाहीतर बॅगेत लॅपटॉप चालू राहून तापेल. टेबलावरही तो कापडावर ठेवू नका, कडेच्या जाळ्या मोकळ्या हव्यात. सतत चार्जिंगवर राहणार असल्याने कंपनीच्या ॲपमध्ये 80 टक्क्यांची मर्यादा मिळाली तर लावून टाका. वीज गेली की मॉनिटर अंधारेल, म्हणून तो इन्व्हर्टरच्या पॉइंटवर जोडा.

दुरुस्तीपेक्षा तीनच हजार वाचतात, हे मान्य. पण मोठ्या पडद्यावर एका बाजूला बिलं, दुसऱ्या बाजूला पोर्टल उघडता येतं, आणि उद्या लॅपटॉप खरंच गेला तरी मॉनिटर तुमच्याकडे राहतो. दुकानदार बिलं व्हॉट्सॲपवरच पाठवतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणूनच हे सुचवतोय. लॅपटॉप घेऊन फिरावं लागत असतं, तर स्क्रीनच बदला म्हटलं असतं.

आरडी चालूच ठेवा. मॉनिटरची खरेदीही थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नची, 20 तारीख उलटल्यावर करा. तोवर टीव्हीवर काम निघेल.