घरी सीक्वेन्सर बनवण्यात अर्थ आहे का, की मोबाईलवरचे ॲप पुरेसे आहे?

आपण विचारले आहे की आठ पायऱ्यांचा सीक्वेन्सर, म्हणजे ठरलेले स्वर ठरलेल्या क्रमाने पुनःपुन्हा वाजवायला लावणारे यंत्र, घरी करायचा असेल तर तयार पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) मागवावी की बोर्ड स्वतः करावा, आणि हेच काम करणारी ॲप्स फुकट मिळत असताना या खटाटोपात काही अर्थ आहे का. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. एकच नग करायचा असेल तर झिरो पीसीबीवर (आधीच भोके पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर) करावा आणि बोर्डावरचे तांबे विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या नादी लागू नये. कपड्यांवरचे त्याचे डाग निघत नाहीत आणि उरलेले द्रावण मोरीत ओतता येत नाही. दुसऱ्या भागावर मात्र सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या सांगलीच्या घरात इतक्या वेळा निघाला आहे की त्यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

माझे थोरले काका निवृत्त संगीतशिक्षक आहेत. मिरजेच्या कारागिराकडून जवारी (तारांना गुंजन देणारी घोडीची घासणी) लावून आणलेला तंबोरा त्यांच्या खोलीत उभा असतो, आणि किराणा घराण्याखेरीज इतर गायकी ते सौजन्य म्हणूनच ऐकतात. मी गणपतीत बेंजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवत असे, तेव्हापासून त्यांचे माझ्याविषयीचे मत फारसे बरे नाही. मी सीक्वेन्सर जुळवायला घेतला तेव्हा ते म्हणाले, “अरे, ज्याला कान नाही ते वाद्य कसले? आणि एवढेच हवे असेल तर मोबाईलमध्ये आहे ना सगळे, तारांचे हे जंजाळ कशासाठी?” हे बोलताना त्यांच्या शेजारी रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू होता. ठरलेले चार स्वर, ठरलेल्या क्रमाने, बटणाने ठरवलेल्या गतीने पुनःपुन्हा वाजवणारे ते यंत्र म्हणजे चार पायऱ्यांचा सीक्वेन्सरच आहे, हे मी त्यांना सांगितले. “त्याचे वेगळे,” एवढेच उत्तर मिळाले.

वाद खरा पेटला तो गांधारावरून, म्हणजे ‘ग’ या स्वरावरून; पण त्याआधी सर्किटविषयी सांगतो. इंटरनेटवर सर्वाधिक आढळणारे सर्किट असे असते: ५५५ ही आयसी (चिप) ठोके देते, ४०१७ काउंटर एकेका पायरीला जागे करतो, प्रत्येक पायरीवर एक पोटेन्शिओमीटर (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करण्याचा भाग) असतो आणि त्याच्या मधल्या टोकाचे व्होल्टेज डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून) एका सामाईक तारेवर येते. दिवे पळवून दाखवायला हे झकास आहे. स्वर लावायचे असतील तर ते टाकाऊ आहे, आणि त्याची कारणे मोजून सांगता येतात. ध्वनी निर्माण करणारे ऑसिलेटर बहुधा एका सप्तकाला १ व्होल्ट या हिशेबाने चालतात, म्हणजे एका अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट येतात. पोटेन्शिओमीटर ९ व्होल्टवर जोडला तर त्याच्या सुमारे २७० अंशांच्या फिरण्यात नऊ सप्तके कोंबली जातात आणि एका अर्धस्वराच्या वाट्याला अडीच अंश येतात. एवढ्यात बोटाने स्वर लावून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे. दुसरे असे की सिलिकॉन डायोडवर पडणारे व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होते. सांगलीच्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे २० मिलिव्होल्ट, म्हणजेच अर्धस्वराचा जवळजवळ पाव हिस्सा.

हे गणित मला पाठ होते, पण ते कानांनी ओळखले काकांनी. सकाळी मी पहिली पायरी त्यांच्या तंबोऱ्याच्या षड्जाला मिळवून ठेवली होती. दुपारी जेवून आल्यावर त्यांनी दारातूनच सांगितले की एखादाच स्वर नव्हे, सगळेच वर सरकले आहेत. ते अगदी बरोबर होते, कारण सर्व पायऱ्यांचे डायोड सारखेच तापतात आणि सारखेच व्होल्टेज सोडतात, त्यामुळे स्वरांतील अंतरे टिकतात आणि अख्खी पट्टी चढते. उन्हाने तारा सैल पडून तंबोरा उतरला तर तो जिवंत, आणि माझे सर्किट चढले तर ते निर्जीव, हा न्याय मला मान्य नव्हता; तरी त्यांच्या कानाला नमस्कार करून मी डायोड काढून टाकले.

आपणही तसेच करावे. ४०१७ च्या प्रत्येक पायरीच्या पिनने ४०६६ या आयसीतील एकेक स्विच चालवावा आणि पोटेन्शिओमीटरचे मधले टोक त्या स्विचमधून सामाईक तारेवर आणावे. एका ४०६६ मध्ये चार स्विच असतात, म्हणून तीन आयसींत दहा पायऱ्या बसतात; उरलेल्या दोन स्विचच्या इनपुट पिना मोकळ्या न सोडता ग्राउंडला जोडाव्यात. सर्व पोटेन्शिओमीटरना थेट ९ व्होल्ट न देता टीएल ४३१ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या आयसीमधून २.५ व्होल्ट द्यावेत, म्हणजे एका अर्धस्वराला नऊ अंश मिळतात आणि अडीच सप्तके हाताशी राहतात. शेवटी ऑप-ॲम्पचा बफर, म्हणजे पुढच्या जोडणीचा भार स्वरांच्या व्होल्टेजवर पडू न देणारा टप्पा, हवाच. तिथे पुष्कळ जण टीएल ०७२ घालतात. एकेरी ९ व्होल्टवर ती आयसी शून्याजवळचे व्होल्टेज हाताळू शकत नाही, त्यामुळे खालचे स्वर हमखास बिघडतात. तिच्यापेक्षा साधी एलएम ३५८ इथे उत्तम चालते. प्रत्येक आयसीच्या पायथ्याशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ड्राय सोल्डर (नीट न बसलेला सोल्डरचा जोड) तपासण्यासाठी भिंग, हे आपणास ठाऊक असेलच.

आता गांधार. कीबोर्डचा शुद्ध गांधार षड्जापासून ०.३३३ व्होल्टवर येतो. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात खरजाच्या (सर्वांत खालच्या) तारेतून जो स्वयंभू गांधार उमटतो, त्याचे षड्जाशी प्रमाण ५:४ असते आणि त्याचे व्होल्टेज ०.३२२ भरते. फरक अवघा ११ मिलिव्होल्टचा आहे, परंतु तेवढ्यानेच तंबोऱ्यासमोर कीबोर्ड बोचतो. गांधाराच्या पायरीवर मी एक मल्टिटर्न प्रीसेट (अनेक फेरे फिरवून बारीक जुळवता येणारा छोटा पोटेन्शिओमीटर) जोडला आणि मल्टिमीटरकडे न पाहता, काकांच्या तंबोऱ्याला कान लावून, पेचकसाने हळूहळू उतरवत नेला. एका जागी दोन गांधारांमधील लहर थांबली. मग मीटर लावला तेव्हा आकडा हिशेबाला धरूनच होता. काका काही वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “हा कान तुझा. यंत्राचा कुठे?” मग यंत्राने नेमके काय करायला हवे होते, हे मला आजतागायत कळलेले नाही. पेटीला कान असतो का? किराणा घराण्याच्या ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांची तसबीर काकांच्या खोलीत आहे, तेच खाँसाहेब १९१० च्या सुमारास याच सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांना श्रुतींच्या (स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांच्या) मोजमापात साथ देत होते, आणि त्या खटपटीतून पुढे श्रुतींची पेटी तयार झाली. स्वर यंत्राने मोजणे हा या मातीत विटाळ कधीच नव्हता.

ॲपविषयी माझे मत यावरून आपल्या लक्षात आले असेल. बहुतेक ॲप्स बारा समान स्वर आणि सोळा पायऱ्या गृहीत धरतात. इथे ४०१७ ची एक पिन १५ क्रमांकाच्या रीसेट पिनला (मोजणी पुन्हा पहिल्या पायरीवर आणणाऱ्या) जोडली की आवर्तन बदलते: पाचवी पिन (पायरी नव्हे, आयसीवरचा पिन क्रमांक) जोडली तर दादऱ्याच्या सहा मात्रा, सहावी जोडली तर रूपकाच्या सात, नववी जोडली तर केरव्याच्या आठ, आणि रीसेट ग्राउंडला ठेवला तर झपतालाच्या दहा. एका रोटरी स्विचवर हे चारही ताल बसतात. तयार पीसीबी घेणारच असाल तर हा रीसेट बाहेर काढलेला आहे की आठवर कायमचा बांधलेला, एवढे पाहून घ्यावे. बांधलेला असेल तर ती पीसीबी घेऊ नये. घरात कोणी “मोबाईलमध्ये आहे ना सगळे” म्हणणारे वडीलधारे असतील, तर त्यांना ॲपवर रूपक लावून ५:४ चा गांधार वाजवायला सांगावे आणि आपण चहा घ्यायला जावे. (स्वरांतरे आणि मात्रा बदलू देणारी ॲप्सही आहेत, हे न्यायासाठी नमूद करतो. काकांना ती सापडलेली नाहीत आणि मी सांगितलेली नाहीत.)

दोन गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. सीक्वेन्सर स्वतः आवाज करत नाही. त्याला व्होल्टेजवर चालणारा ऑसिलेटर लागतो, आणि त्या ऑसिलेटरलाच उष्णतेची भरपाई नसेल तर वरची सगळी काळजी व्यर्थ जाते. दुसरे असे की आपल्याकडे फक्त मिडी (वाद्यांना संदेश पाठवण्याची डिजिटल पद्धत) असलेला कॅसिओ असेल तर हे सर्किट त्याला जोडताच येणार नाही. मिडीसाठी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवणारा मायक्रोकंट्रोलर हवा, म्हणजे आर्डुइनोसारखा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड घ्यावा लागेल, आणि पिच बेंडचा (स्वर किंचित चढवण्या-उतरवण्याचा) संदेश पाठवून गांधार तिथेही उतरवता येतो.

सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळून जाते. आयसी स्वस्त असतात. पैसे पोटेन्शिओमीटर, नॉब आणि डबा यांतच जातात. पोटेन्शिओमीटर घेताना बी १० के (सरळ प्रमाणात बदलणारे, १० किलोओहमचे) असे छापलेलेच मागावेत, कारण ऑडिओचे काम म्हटले की दुकानदार ए प्रकारचे काढून देतो आणि त्यांच्यावर स्वरांची अंतरे सारखी पडत नाहीत.