प्लॅस्टिकची फिल्म सॉल्व्हंटमधनं (द्रावकातनं) काढली की ताकद मोजायला लगेच ओढू नको भावा

आत सॉल्व्हंट शिल्लक असतं तोवर ते प्लॅस्टिसायझरसारखं (प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या पदार्थासारखं) वागतंय, मॉड्युलस म्हणजे ताठपणा पडतो, इलाँगेशन म्हणजे तुटेपर्यंतचा ताण वाढतो आणि तुला वाटतं फिल्म लय भारी झाली, पण वाळल्यावर गणितच उलटं. अमॉर्फस (रेणू विस्कळीत असलेली) पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, ॲसिटोनमध्ये टाकून बघ, पांढरी पडते, कारण क्रिस्टलाइन होते, म्हणजे रेणू ओळीत बसतात, मग कडक आणि ठिसूळ. बाजारातली, बनवतानाच उभी-आडवी दोन्हीकडनं ओढलेली पीईटी आधीच क्रिस्टलाइन, तिला एवढा फरक पडत नाही. वजन स्थिर होईस्तोवर वाळव, मग २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ठेव, कोल्हापूरच्या पावसात नायलॉन उघडं ठेवलंस तर रीडिंग गेलंच लगा. पट्ट्या नव्या ब्लेडनं, एकाच दिशेत काप आणि तुलनेला न बुडवलेल्या फिल्मच्या पण काप.