नावावर काहीच नसेल तर पतसंस्था थकीत कर्जासाठी कोर्टात जाते का?

वसुलीला नक्की लागते, फक्त बहुतेकदा दिवाणी दावा न लावता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला (सहकार निबंधकाचा थकबाकी वसूल करण्याचा आदेश) घेते, कारण तो लवकर हाती येतो. रत्नागिरीकडे वसुलीच्या फायली हाताळतो, त्यावरून सांगतो. "माझ्याकडे आहे काय?" म्हणणाऱ्याचा सातबारा काढला की सतरा नावांत त्याचंही नाव निघतं: थोडं वरकस (हलकी, डोंगरउताराची जमीन), चार हापूसची कलमं, सगळं मुंबईच्या चुलत्यांबरोबर सामाईक. त्या अविभक्त हिश्श्यावरही जप्ती येऊ शकते, आणि मग अख्खी भावकी तुमच्या ओटीवर. त्याआधी संस्था जामीनदारांना गाठते. त्यातला एक पगारदार असला की तुमच्या रिकाम्या खिशाने तिचं काहीच अडत नाही. कर्ज खासगी, हातउसनं असेल तर देणारा खर्चाचा हिशेब करून कधी कधी सोडूनही देतो. पण एकदा हुकूमनामा (पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल) झाला की तो १२ वर्षं बजावता येतो, तोवर तुमचे दिवस पालटूही शकतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० हात लावू देत नाही आणि निव्वळ ऐपत नाही म्हणून तुरुंगातही टाकत नाहीत. मात्र चेक दिला असेल आणि तो वटला नसेल तर प्रकरण वेगळं: चलनक्षम दस्तऐवज कायद्याचं (Negotiable Instruments Act) कलम १३८ फौजदारी आहे, त्यात २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.