पैसे आधी, वाइन नंतर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली येथल्या ‘प्रीमियर क्रू’ या वाइनच्या दुकानाने हजारो ग्राहकांना फसवल्याची हकिगत वाचनात आली. ग्राहक बहुतेक जाणकार होते आणि दुकानही जुने, नावाजलेले होते. मग इतकी वर्षे कोणाला शंका कशी आली नाही?

उत्तर : शंका पुष्कळांना आली होती, परंतु या व्यवहाराची घडणच अशी होती की शंकेला उत्तर देण्याची सोय तिच्यात आधीपासून होती. फ्रान्समधील बोर्दो प्रांतातली उंची वाइन बाटलीत भरण्यापूर्वीच विकली जाते. द्राक्षांच्या तोडणीनंतर येणाऱ्या वसंतात व्यापारी पिंपातले नमुने चाखतात, भाव ठरतात, ग्राहक पैसे भरतो आणि माल त्याच्या हाती साधारणपणे दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा पडतो. म्हणजे सचोटीच्या दुकानातही पैसे भरून दीर्घकाळ वाट पाहणे हा रिवाजाचाच भाग असतो, आणि जुन्या गिऱ्हाइकाला त्यात वावगे काही वाटत नाही. ‘प्रीमियर क्रू’ची स्थापना 1980 सालची होती, तिथून वेळच्या वेळी वाइन मिळालेले लोक होते, आणि इतरांपेक्षा स्वस्त भाव हा त्या दुकानाचा लौकिकच होता.

दुकानाचा मालक जॉन फॉक्स याने न्यायालयात जी कबुली दिली, तिच्यावरून आतला प्रकार कळतो. ज्या वाइनच्या खरेदीचा करारच झालेला नव्हता, तिच्या खोट्या खरेदी-नोंदी तो दुकानाच्या दप्तरी घालत असे आणि तीच वाइन ‘लवकरच येणारा माल’ म्हणून विकत असे. 2010 ते 2015 या काळात अशी सुमारे 2 कोटी डॉलरची वाइन विकली गेली, जी मुळात कोणाकडून घेतलेलीच नव्हती. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! ग्राहकाने विचारणा केली की माल वाटेत अडकला आहे, पुरवठादाराकडून उशीर होत आहे, अशी उत्तरे मिळत, आणि आयातीच्या धंद्यात ती खरी वाटण्यासारखीच असत. जो ग्राहक चिकाटीने पाठपुरावा करी किंवा वकिलाची भाषा बोलू लागे, त्याचे पैसे परत केले जात, नाहीतर त्याच्यापुरती वाइन बाजारातून विकत घेऊन दिली जाई. आणि हा खर्च भागे तो नव्या ग्राहकांनी भरलेल्या पैशांतून. याची टोपी त्याला घालण्याचा हा प्रकार होता.

माझ्या मते फसवणुकीचे खरे बळ इथेच आहे. तक्रार करणाऱ्याचे समाधान झाले की तोच चारचौघांत सांगू लागतो की दुकान उशीर करते, पण पैसे बुडवत नाही. अशा रीतीने, जी तक्रार इतरांना सावध करू शकली असती, तीच दुकानाच्या विश्वासार्हतेचा दाखला ठरली. म्हणून या ग्राहकांना लोभी किंवा भोळे म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते. त्यांनी चौकशी केली होती, आणि चौकशीअंती मिळालेली माहिती त्या वेळेपुरती खरीही होती. पुढे मात्र दावे साचत गेले आणि जानेवारी 2016 मध्ये दुकानाने दिवाळखोरी जाहीर केली. फॉक्सने गुन्हा कबूल केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याला साडेसहा वर्षांचा कारावास आणि सुमारे साडेचार कोटी डॉलरच्या भरपाईचा आदेश झाला.

प्रश्न : दिवाळखोरीच्या वेळी गोदामात हजारो बाटल्या होत्या असे म्हणतात. मग त्या ग्राहकांना लगेच का वाटल्या नाहीत?

उत्तर : कारण कोणती बाटली कोणाची, हाच वाद होता. एखाद्या ग्राहकाच्या नावाने वेगळी काढून ठेवलेली पेटी त्याची असल्याचे निदान म्हणता तरी येते. नाव न लागलेला माल मात्र दुकानाची मालमत्ता धरला जातो आणि तो विकून आलेली रक्कम धनकोंत, म्हणजे दुकानाकडून ज्यांचे पैसे येणे आहेत त्या सगळ्यांत, वाटली जाते. दुकानाची देणी सुमारे 7 कोटी डॉलर होती आणि मालमत्ता त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी. घरगुती वापरासाठी आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाला अमेरिकी दिवाळखोरी कायदा थोडे प्राधान्य देतो, पण त्याची मर्यादा त्या वेळी माणशी 2,775 डॉलर होती. ज्याने 20,000 डॉलर भरले असतील, त्याला उरलेल्या रकमेसाठी इतर धनकोंच्याच रांगेत उभे राहावे लागते. भरपाईच्या आदेशाबद्दलही फार आशा धरता येत नाही, कारण ती गुन्हेगाराजवळ जे शिल्लक असेल त्यातूनच वसूल व्हायची असते.

प्रश्न : क्रेडिट कार्डाने पैसे भरले असते तर ते सुरक्षित राहिले नसते का?

उत्तर : काही अंशी राहिले असते. माल न मिळाल्याची लेखी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करण्याचा हक्क अमेरिकेतल्या कायद्याने दिला आहे, परंतु त्यासाठीची मुदत बिल पाठवल्यापासून 60 दिवसांची आहे. दोन वर्षांनी यायच्या मालासाठी ती मुदत ग्राहकाला शंका येण्यापूर्वीच उलटून गेलेली असते. म्हणून अशा खरेदीत पैसे भरण्याआधीच विक्रेत्याकडून त्याने तो माल आयातदाराकडून खरोखर घेतला असल्याचा कागद मागावा, आणि त्याची खातरजमा स्वतः आयातदाराकडे करून घ्यावी, कारण दुकानाच्या स्वतःच्या नोंदी खोट्या असू शकतात हे या प्रकरणात दिसलेच आहे. भाव इतर सगळ्यांपेक्षा बराच कमी असेल, तर तो कसा परवडतो हे विचारायला संकोच करू नये. आधीचा माल रखडलेला असताना त्याच दुकानात नवी मागणी नोंदवू नये, आणि परताव्याऐवजी ‘ही रक्कम पुढच्या खरेदीत वळती करून घ्या’ असे सुचवले गेले, तर ते न स्वीकारता पैसेच परत मागावेत.