जागा भरली, आता फाइली ठेवायच्या कुठे?

प्रश्न : जीमेलवर ‘जागा संपली’ असा इशारा येतोय. फाइल मॅनेजरमधून 6 जीबीचे फोटो उडवले, तरी इशारा जात नाही. जागा विकत घ्यावी का? (शिक्षिका, सातारा)

तुम्ही रिकामी केलीत ती फोनमधली जागा. इशारा आहे तो गूगल खात्याच्या 15 जीबीचा. त्या 15 जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज असे तिघे राहतात. 1 जून 2021पासून चढवलेले फोटो, कमी दर्जात ठेवले तरी, त्यात मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच हिशेबात येतो.

पैसे भरण्याआधी गूगल वन या गूगलच्या साठवण-सेवेच्या स्टोरेज पानावर कोणी किती जागा अडवलीय ते पाहा. मेलचा वाटा मोठा असेल, तर संगणकावर जीमेल उघडा, शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर दाबा, आकार ‘10 एमबीपेक्षा जास्त’ निवडा आणि नको त्या मेल काढा. मग कचरापेटीही रिकामी करा. पुष्कळांचं इथेच चुकतं : कचरापेटीतल्या मेल 30 दिवस तिथेच पडून राहतात आणि तोवर जागा अडवतात. व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ वगळण्याची खूण आहे, ती करा. शाळेच्या ग्रुपवरचे व्हिडिओ हे सहसा मोठं ओझं असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. फोटो ‘क्लाउडवर आहेत’ म्हणजे त्यांची दुसरी प्रत आहे, असं नाही. गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो उडवला की तो फोनमधून जातो आणि खात्यातूनही जातो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत 60 दिवस असतो, त्यानंतर परत मिळत नाही. याला सिंक म्हणतात : एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे पोचतो, चूकसुद्धा. आणि ‘फ्री अप स्पेस’ दाबल्यावर फोनमधली प्रत जाते, उरते ती एकटी खात्यातली. म्हणून वर्षातून दोनदा गूगल टेकआउटने (खात्यातला डेटा उतरवून देणारी गूगलची सेवा) सगळे फोटो उतरवून एका हार्ड डिस्कवर ठेवा. फाइलचा आकार 10 जीबी निवडा. 50 जीबीची एकच फाइल घरच्या नेटवर मध्येच तुटते. एवढं करूनही जागा पुरली नाही, तर 100 जीबीची योजना घ्या.

प्रश्न : लग्नाचं फोटोशूट करतो. 3 टीबी जुना डेटा दोन डिस्कांवर आहे. ॲमेझॉनचं ग्लेशियर फार स्वस्त पडतं म्हणतात. घेऊ का? (छायाचित्रकार, कोल्हापूर)

ग्लेशियर म्हणजे क्वचित लागणाऱ्या फाइलींचं ऑनलाइन कोठार. अल्बम देऊन झालेल्या कामांसाठी घ्या, चालू कामासाठी नको. त्याच्या ‘डीप आर्काइव्ह’ या सर्वांत स्वस्त प्रकारात ठेवणं स्वस्त, पण काढणं संथ आणि सशुल्क. नेहमीच्या पद्धतीने फाइल हाती यायला 12 तासांपर्यंत लागतात, स्वस्त पद्धतीने 48. शिवाय 180 दिवसांच्या आत फाइल उडवली तरी पूर्ण 180 दिवसांचं भाडं लागतं. ग्राहकाला निवडीसाठी फोटो दाखवायचे तर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच बरं.

चढवण्याची गणितं आधी करा. अपलोडचा वेग 40 एमबीपीएस असेल, तर 3 टीबीला न थांबता जवळपास सात दिवस लागतात. योजनेच्या जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो. अपलोड स्वतः मोजा.

रॉ फाइली (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) सुट्या चढवू नका. प्रत्येक फाइलमागे ती चढवण्याच्या विनंतीचं शुल्क पडतं आणि तिच्या नोंदीला लागणारी जागाही मोजली जाते. एका लग्नाची एक झिप करा, तिचे 5 जीबीचे तुकडे पाडा. नेट तुटलं तर तेवढा एकच तुकडा पुन्हा जातो. कोणत्या लग्नाचे किती तुकडे, याची यादी वेगळी ठेवा. परत जोडायला सगळे लागतात.

खातं उघडल्यावर प्रदेश ‘एशिया पॅसिफिक (मुंबई)’ निवडा. पहिल्याच दिवशी बजेटचा इशारा लावा, म्हणजे बिल ठरवलेल्या रकमेपुढे गेलं की कळेल. अर्धवट राहिलेले अपलोड 7 दिवसांनी आपोआप पुसण्याचा लाइफसायकल नियमही लावा. तो नसेल, तर तुटलेल्या अपलोडचे तुकडे यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र येत राहतात. काढण्याचं शुल्क वेगळं, पण नेटवरून बाहेर उतरवताना महिन्याचे पहिले 100 जीबी फुकट असतात, म्हणजे एखादं लग्न परत मागवणं परवडतं. सगळे 3 टीबी एकदम मागवणं महागात जाईल. म्हणून डिस्का मोडीत काढू नका. एक स्टुडिओत ठेवा, दुसरी घरी न्या.

प्रश्न : मुलांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये स्कॅन करून टाकल्या, तेवढं पुरेल? (पालक, अकोला)

नाही. स्वतः चढवलेला स्कॅन ही साधी प्रत असते. बोर्डाकडून थेट आलेली, ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’मध्ये दिसणारी गुणपत्रिका मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. तिथे बोर्ड निवडून आसनक्रमांक आणि वर्ष टाका, ती आणून ठेवा. मोबाइल नंबर बदलणार असाल, तर जुनं सिम बंद करण्याआधी आधार आणि डिजिलॉकर दोन्हींकडे नवा नंबर नोंदवा. ओटीपी जुन्या नंबरवर गेला की लॉकर उघडत नाही.