खेड्यात कमी फीची शाळा काढली तर चालते का, आणि फी किती ठेवावी?

तुम्ही विचारलंय की इंदूरजवळच्या गावात काकांची जागा रिकामी पडून आहे, तिथे शेतकरी-मजुरांना परवडेल अशी शाळा काढली तर दोन-तीन वर्षांत ती स्वतःच्या पायावर उभी राहील का. मी देपालपूर तहसिलातल्या एका गावात नर्सरी ते आठवी, हिंदी माध्यमाची शाळा चालवते. राहायला इंदूरला सुदामा नगरात, रोज जाऊन-येऊन. शाळा चालते. तिच्यावर घर चालेल हा विचार मात्र आजच सोडा.

हिशेब साधा आहे. 180 मुलं धरा, त्यातली 40 आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली मोफत शिकणारी. उरलेल्या 140 मुलांची वर्षाला 6,000 रुपयांप्रमाणे फी झाली 8,40,000. हातात येतात फार तर पावणेसात लाख, कारण कुणाचं पीक गेलं, कुणाच्या घरी आजारपण निघालं, कुणी मधेच बिऱ्हाड उचलून पीथमपूरला मजुरीला गेलं. आठ शिक्षक, 6,000 रुपये महिना, बारा महिने, म्हणजे 5,76,000. राहिलेल्या लाखभरात भाडं, वीज, मुलांना ने-आण करणाऱ्या मॅजिक गाडीचं डिझेल, ड्रायव्हर, मान्यतेची फी आणि पावसाळ्याआधी पत्र्यांची दुरुस्ती. तुमच्यासाठी काय उरतं ते तुम्हीच बघा.

आरटीईचे पैसे उत्पन्नात धरू नका. सुरुवातीच्या वर्गात 25 टक्के जागा द्याव्याच लागतात आणि त्या मुलांची फी सरकार भरतं. पण सरकारचा दर मुलामागचा खर्च आणि तुमची फी यांतली जी रक्कम कमी, तेवढीच मिळते. मोठ्या शाळेला सरकारी दर मिळतो, आपल्याला फार तर आपलेच 6,000. तेही वर्ष-दोन वर्षं उशिरा. समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख नोंदीत, मुलाचं नाव एक आणि आधारवर दुसरं असलं की क्लेम तिथेच अडकतो, मग आईबापाला मजुरी बुडवून तहसिलाला पाठवा. मुलगा मात्र रोज वर्गात बसलेला असतो, आणि त्याला शिकवणाऱ्या मॅडमला पगार द्यायचाच असतो.

आता तुमच्या प्रश्नातलं ते वाक्य: ‘सुरुवातीला शिक्षकांना दहा महिन्यांचाच पगार दिला तर चालेल ना?’ मी हे लिहायला बसले ते या वाक्यामुळे.

नाही चालणार. हा वाद आमच्या घरात शाळा सुरू झाली तेव्हापासून आहे. माझे दीर संस्थेचे कोषाध्यक्ष आहेत. त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि गावातला प्रत्येक माणूस त्यांच्या उधारीच्या वहीत आहे. त्यांचं म्हणणं, मे-जूनमध्ये शाळा बंद, मग पगार कशाचा? आसपासच्या सगळ्या खाजगी शाळा दहाच महिने देतात, तुम्हीच काय वेगळ्या वहिनी? आणि वसुलीबद्दल त्यांचं मत असं, की माल बंद केल्याशिवाय उधारी सुटत नाही.

2024 च्या दिवाळीत हे सगळं एकदम अंगावर आलं. सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल आणि मंडीत भाव त्याच्या बराच खाली. लोकांनी माल घरात दाबून ठेवला. आमच्याकडे वर्षाची निम्मी फी सोयाबीनवर येते, उरलेली गव्हावर, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये खातं रिकामं. भाऊजी म्हणाले, थकबाकीदारांची यादी प्रार्थनेत वाचा, त्यांना सहामाहीला बसू देऊ नका, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) अडकवा, आणि शिक्षकांना सांगा पगार माल विकल्यावर.

मी यातलं काहीच केलं नाही. दहा वर्षांच्या पोराचं नाव दोनशे पोरांसमोर वाचायचं, ते कशासाठी? मंडीचा भाव त्याने पाडला का? टीसीचं म्हणाल तर आरटीई कायद्याच्या कलम 5 प्रमाणे मागितल्याबरोबर द्यावी लागते, आणि ती नाही म्हणून सरकारी शाळा प्रवेश थांबवू शकत नाही. अडवून मिळतं काय? फक्त शिव्या.

मी घरोघर गेले. ओटल्यावर बाप बसलेले असायचे आणि सगळ्यांचं उत्तर एकच, “मैडमजी, माल बिकने दो, पूरी भर देंगे.” खोटं बोलत नव्हते, खरंच माल घरात पडून होता. एका घरातून निघताना मुलीची आई मागून फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, “इनसे मत माँगो. हर महीने पाँच सौ मुझसे ले लिया करो.” तिच्या खात्यात 10 तारखेच्या सुमारास लाडली बहना या राज्य सरकारच्या महिलांसाठीच्या योजनेचे 1,250 जमा व्हायचे. शिवाय दोन म्हशी होत्या, डेअरीचा हिशेब दर दहा-पंधरा दिवसांनी व्हायचा. बापाला पैसा वर्षातून दोनदा दिसतो, आईला दर महिन्याला, आणि आम्ही इतकी वर्षं बापाच्या दारात उभे होतो. त्यानंतर मी प्रत्येक घरात आईशी बोलले. जिला जमेल तिची महिनेवारी बांधली, पावती तिच्या नावाने, फीचे दिवस 10 ते 15. ज्यांच्याकडे असं काही नव्हतं त्यांना सोयाबीन आणि गहू असे दोनच हप्ते, मधे तगादा नाही.

“आता बायकांच्या पैशांवर शाळा चालवणार का?” असं भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले. हो, चालवणार. ती बाई 500 रुपये स्वतःच्या हाताने मोजून देते आणि दुसऱ्या दिवशी येऊन विचारते की पोरीला अजून गुणाकार का येत नाही. बापांनी कधी विचारलं नव्हतं. पगार धनतेरसच्या आधी सगळ्यांना मिळाला, थोडा या फीतून, थोडा माझी एफडी मोडून.

बारा महिन्यांच्या पगाराचा मुद्दा राहिला. 2023 मध्ये राज्य सरकारने अतिथी शिक्षकांचं, म्हणजे सरकारी शाळांतल्या तात्पुरत्या शिक्षकांचं, मानधन दुप्पट केलं, वर्ग तीनचं (प्राथमिकच्या शिक्षकांचं) 5,000 वरून 10,000 झालं. आमच्या दोन चांगल्या मॅडम तिकडे गेल्या. भाऊजी त्याला गद्दारी म्हणतात. मी म्हणते, डीएड केलेल्या मुलीने 6,000 वर का राहावं? तो पगार कमीच आहे, मला रोज टोचतो. पण ज्या राहिल्या त्या का राहिल्या, हे मी त्यांना विचारलं आहे. अतिथीला उन्हाळ्यात काही मिळत नाही आणि पुढच्या सत्रात बोलावतील याची खात्री नाही. आमच्याकडे जूनमध्येही पगार होतो. पाच वर्षं एकाच मॅडमने पहिली घेतली तर त्या वर्गाला वाचता येतं, दर जुलैत नवी आली तर येत नाही. पाचवी-आठवीच्या परीक्षा आता पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होतात, तेव्हा हे निकालात उघड दिसतं.

पाटीवर ‘इंग्लिश मीडियम’ लिहायचा सल्ला तुम्हाला सगळे देतील. शिकवणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर लिहू नका, ती फसवणूक आहे. शेजारच्या गावात तशी पाटी लागल्यावर आमची मुलं गेली होती, त्यातली बरीच पुढे परत आली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. माझे यजमान नोकरीत आहेत आणि आमचं घर त्यांच्या पगारावर चालतं. तुमच्या घरात दुसरा पगार नसेल तर माझं उदाहरण तुमच्या उपयोगाचं नाही. मान्यतेचे नियमही बदलत राहतात, म्हणून यंदाचे नियम ब्लॉकच्या बीआरसी ऑफिसात (शिक्षण खात्याचं ब्लॉक पातळीवरचं केंद्र) जाऊन स्वतः वाचा. शाळा व्यक्तीच्या नावाने नाही, समितीच्या, म्हणजे नोंदणी केलेल्या संस्थेच्या, नावाने निघते. काकांची जागा असली तरी समितीशी भाडेकरार रजिस्टर करून घ्या, आणि काकांना कोषाध्यक्ष करू नका.

फी महिन्याला 500 च्या आसपास ठेवा, त्याखाली पगार निघत नाहीत. पहिला प्रवेश देण्याआधी चार महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात टाका. तेवढे पैसे जमत नसतील तर एक वर्ष थांबा.