वनस्पतीजन्य आहार सुरू केल्यापासून सारखी गोडाची तलफ येते. फळांमुळे होतंय का? फळं कमी करू का?

फळं कमी करू नका, आधी दुपारचं जेवण वाढवा.

तुमच्या प्रश्नात दिनक्रम आलाय, तो इथे थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. मांस, अंडी, दूध सोडून काही महिने झाले. सकाळी ग्लासभर संत्र्याचा रस आणि दोन केळी. दुपारी मोठं वाडगंभर कच्चं सॅलड, ब्रेडचे दोन स्लाइस, एक सफरचंद. चारच्या सुमाराला बिस्किटांचा पुडा उघडला जातो. रात्री जेवण झाल्यावर चार मोठे खजूर नाहीतर व्हीगन आइस्क्रीम. मित्र म्हणतो, फळांतली साखरच गोडाची भूक वाढवते, म्हणून फळं बंद कर. वजन साधारण ६० किलो.

मी आहारतज्ज्ञ आहे. दूध-मांस सोडलेल्यांच्या खाण्याच्या नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम. तुमची नोंद वाचताना नजर थांबली ती फळांवर नाही, सॅलडवर.

आपण बसून हिशेब करू. २४० मिली संत्र्याचा रस म्हणजे साधारण ११० कॅलरी आणि जेमतेम पावणेदोन ग्रॅम प्रथिनं. दोन मध्यम केळी म्हणजे २१० कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं. सॅलडमध्ये काकडी, टोमॅटो, पालेभाजी असं ४०० ग्रॅम धरलं तरी या सगळ्या भाज्यांत १०० ग्रॅममागे १५ ते २० कॅलरीच असतात, म्हणजे अख्खं वाडगं ७० कॅलरींचं. प्रथिनं तीन-चार ग्रॅम. ब्रेडचे १५०, सफरचंदाचे ९५. बेरीज केली तर सकाळपासून चार वाजेपर्यंत तुमच्या पोटात ६५० कॅलरी आणि १३-१४ ग्रॅम प्रथिनं गेली आहेत. ६० किलोच्या प्रौढ माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. अर्धा दिवस उलटून गेला आणि गरजेच्या पाव हिश्शाच्या थोडं पुढे आलात. चार वाजता जे होतं ती तुमच्या निश्चयाची कमजोरी नाही. ती साधी भूक आहे. बिस्किटं समोर आहेत आणि पटकन तरतरी देतात, म्हणून ती गोडाच्या रूपात पुढे येते, इतकंच.

वनस्पतीजन्य आहारात नव्याने आलेल्यांची हीच फसगत वारंवार होते, कारण पोट भरल्यासारखं वाटतं. कच्च्या भाज्यांत पाणी आणि चोथा भरपूर, जठर ताणलं जातं, तासाभर बरं वाटतं. पण ऊर्जा आलेलीच नसते. आधीच्या जेवणातून मांस, अंडी, चीज गेलं, त्यांच्या जागी काहीच आलं नाही, उरलेल्या भाज्यांचा ढीग मात्र मोठा झाला. मग तलफ आली की दोष फळांना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रथिनांवर मी एवढा जोर का देते तेही सांगते. स्टीफन सिम्पसन आणि डेव्हिड राउबेनहायमर या दोन शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एक मांडणी केली: शरीर प्रथिनांची ठरावीक गरज भागेपर्यंत खायला लावतं, आणि अन्नात प्रथिनं विरळ असतील तर ती गरज भागवता भागवता एकूण खाणं वाढतं. या मांडणीवर अजून चर्चा चालू आहे, ती सगळ्याचं उत्तर नाही. पण ज्यांच्या दुपारच्या ताटात डाळी-कडधान्यं आली त्यांची संध्याकाळ शांत झाली, हे मी माझ्या कामात इतक्या वेळा पाहिलंय की पहिला सल्ला मी तोच देते.

तर दुपारी काय बदलायचं? सॅलड ठेवा, पण त्याला जेवण म्हणू नका. त्यासोबत २०० ग्रॅम शिजवलेली मसूर घ्या: २३० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं आणि जवळजवळ १६ ग्रॅम चोथा. किंवा मोठी वाटीभर, म्हणजे १६० ग्रॅमच्या आसपास, शिजवलेले हरभरे: सुमारे २७० कॅलरी, १४ ग्रॅम प्रथिनं. राजमा, सोयाबीन, टोफू, काहीही चालेल. त्याच्या जोडीला पोटाला आधार देणारं धान्य किंवा बटाटा, रताळं. आणि मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, कारण अगदीच तेल-तूप नसलेलं जेवण लवकर जिरतं आणि मन काहीतरी शोधत राहतं. इतका चोथा एकदम वाढवलात तर गॅस होईल. म्हणून पहिल्या आठवड्यात अर्धं प्रमाण, मग पूर्ण, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त.

डाळींचा आणखी एक गुण फारसा कोणी सांगत नाही. ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो हे मोजण्याची कल्पना १९८१ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांनी सहकाऱ्यांसोबत मांडली. त्यांच्याच गटाने पुढच्या वर्षी दाखवलं की नाश्त्याला मसूर खाल्ली तर त्यानंतरच्या, म्हणजे दुपारच्या जेवणानंतरही रक्तातली साखर कमी उसळते. सकाळचा रस काढून तिथे सोया दूध, ओट्स आणि शेंगदाण्याचं लोणी आणलंत, केळं त्यातच कापून घातलंत, तर तुमचा दिवस सुरुवातीपासूनच वेगळा जाईल.

आता फळं. मित्राचं म्हणणं ऐकायला पटतं, पण साखर म्हणून सगळ्याला एकाच पारड्यात टाकलं की घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ‘मुक्त साखर’ दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. या मुक्त साखरेत वरून घातलेली साखर येते, मध येतो, सिरप येतात आणि फळांचा रसही येतो. अख्खं ताजं फळ येत नाही. उलट याच संघटनेची शिफारस आहे की दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खा.

मधुमेहाची भीती असेल तर दोन अभ्यास सांगते. २०१३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा निबंध आला. १,८७,००० हून अधिक लोकांच्या नोंदी होत्या. अख्खी फळं, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद, जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं. रस जास्त पिणाऱ्यांत ते जास्त दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये थेट प्रयोग झाला. नुकतंच टाइप २ मधुमेहाचं निदान झालेल्या ६३ जणांपैकी अर्ध्यांना सांगितलं की दिवसाला किमान दोन फळं खा, अर्ध्यांना सांगितलं की जास्तीत जास्त दोन. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या चाचणीत, लक्षणीय फरक नव्हता. मधुमेह झालेल्यांना फळं तोडून फायदा झाला नाही, तर तुम्ही ती कशासाठी तोडायची?

रसाचं मात्र मी समर्थन करणार नाही. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटासा, फार बोलका प्रयोग छापून आला होता. त्याच माणसांना सफरचंदं तीन प्रकारे दिली: अख्खी, कुस्करून आणि रस काढून. कर्बोदकं तिन्हीत सारखी. रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगाने संपला. समाधान अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त दिलं, रसाने सगळ्यात कमी. आणि रसानंतर इन्सुलिन जास्त चढलं, मग रक्तातली साखर खाली घसरली. अख्ख्या सफरचंदानंतर तशी घसरण दिसली नाही. फळ तेच, साखर तीच, फक्त चोथा आणि चावणं गेलं. तुमच्या सकाळच्या ग्लासात दोन-तीन संत्री आहेत आणि २० ग्रॅमच्या वर साखर. ती संत्री सोलून, एकेक फोड चावून खायला घ्या. दुसऱ्या संत्र्यालाच बहुधा पुरे वाटेल. स्मूदी रसाइतकी वाईट नाही, चोथा त्यात राहतो, पण तीही घटाघट जाते. प्यायचीच असेल तर त्यात सोया दूध आणि चमचाभर जवस घाला आणि सावकाश प्या.

खजुराबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. तो अख्खं फळ आहे, चोथा आहे, खनिजं आहेत, हे सगळं खरं. पण मेजूलसारख्या एका मोठ्या खजुरात १६ ग्रॅम साखर असते. चार खाल्ले की ६४ ग्रॅम, आणि ३३० मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम असते. खजूर म्हणजे कोला असं मी म्हणत नाहीये. पण पाणी निघून गेलेलं फळ हाताला किती सहज लागतं ते पाहा. एक खजूर, त्यात बी काढून बदाम भरलेला, जेवणाच्या शेवटी खा. नुसते रात्री टीव्हीसमोर डब्यातून खाऊ नका. दातांना चिकटतात, तेही एक आहेच. आणि नारळाची साखर, अगावे, मेपल सिरप यांच्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असलं तरी हिशेबात ती साखरच. व्हीगन आइस्क्रीमचंही तेच: दूध नाही म्हणून साखर कमी, असं नसतं. पाठीमागचं लेबल वाचा.

मग फळं किती? निरोगी माणसाला दिवसाला तीन-चार फळं सहज चालतात, पाच झाली तरी मी काळजी करत नाही. फक्त फळांनी जेवणाची जागा खाता कामा नये. सहा मध्यम फळं खाल्लीत तरी प्रथिनं पाच-सात ग्रॅमच मिळतात. सफरचंद, नासपती, आंबा यांनी पोट फुगत असेल तर त्यांतलं फ्रुक्टोज काहींना नीट शोषलं जात नाही. मग संत्री, किवी, बेरी करून पाहा.

रात्रीची तलफ मला दुपारच्यापेक्षा वेगळी वाटते. जेवण व्यवस्थित झालंय, पोट भरलंय, तरी गोड हवं. ही बहुतेक सवय असते, आणि सवयीशी भांडण्यापेक्षा तिला दुसरं काम दिलेलं बरं. इंग्लंडमधल्या एक्सटर विद्यापीठात चॉकलेटची सवय असलेल्यांवर प्रयोग झाला होता: १५ मिनिटं भरभर चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी झाली. जेवणानंतर चालून या, मग थंडगार द्राक्षं किंवा गोठवलेल्या केळ्याच्या चकत्या वाटीत काढून, बसून खा. गोड पूर्ण बंद करायचा निश्चय मात्र करू नका. ज्यांनी तो केला त्यांना मी आठवड्याच्या शेवटी बिस्किटांच्या अख्ख्या पुड्यासकट भेटले आहे.

झोपेचं विचारायचं राहिलं. २००४ मध्ये शिकागोत तरुण पुरुषांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेव्हा पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. झोप कमी असेल तर मी सांगितलेलं जेवणही निम्मंच काम करेल.

‘गोड हवंसं वाटतं म्हणजे मॅग्नेशियम कमी आहे’ हे इंटरनेटवर फिरणारं वाक्य सोडून द्या. भोपळ्याच्या बियांत मॅग्नेशियम चॉकलेटपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि त्यांची तलफ कोणालाच येत नाही. कृत्रिम गोडीच्या गोळ्यांचाही उपयोग नाही. वजन आटोक्यात ठेवायला त्या वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंच आहे.

साखर कमी केल्यावर जीभ बदलते का? थोडी बदलते, आणि वेळ लागतो. २०१६ च्या एका अभ्यासात तीन महिने कमी साखर खाणाऱ्यांना तेच पुडिंग आधीपेक्षा जास्त गोड लागू लागलं. पण त्यांची गोडाची आवड काही कमी झाली नाही. म्हणून ‘एकवीस दिवसांत गोड नकोसं होईल’ असं वचन मी देत नाही. कमी साखरेत भागायला लागेल, एवढं मात्र अपेक्षित धरा.

सारखी तहान, वारंवार लघवी, विनाकारण वजन उतरणं यांपैकी काही असेल तर जेवणाचे प्रयोग बाजूला ठेवून आधी रक्त तपासून घ्या. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझ्या उत्तरावरून आहार बदलू नका, डॉक्टरांशी बोला, कारण डोस बदलावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळांतल्या पोटॅशियमचा हिशेब वेगळा करावा लागतो. आणि तुमच्या यादीत मला बी१२ या जीवनसत्त्वाची गोळी कुठे दिसली नाही. फळं, भाज्या, डाळी यांतून ते मिळत नाही. ते गोळीतून किंवा बी१२ घातलेल्या पदार्थांतूनच घ्यावं लागतं. इतके महिने झालेत तर बी१२ आणि हिमोग्लोबिन दोन्ही तपासा. थकवा येत असेल आणि तो त्यामुळे असेल तर तो कुठल्याही फळाने किंवा बिस्किटाने जाणार नाही.